पगार ७ला, बिल १२ला

माझा नवरा अंबड एमआयडीसीत ज्या कारखान्यात काम करतो तिथे पगार ७ तारखेला होतो. आमच्या क्रेडिट कार्डाचं बिल भरायची शेवटची तारीख १२च्या आसपास येते. हे आपोआप जुळलेलं नाही, मी मागून घेतलंय. पूर्वी ती तारीख २ला यायची, म्हणजे शाळेची फी, रिक्षावाल्या काकांचे पैसे, सोसायटीचा मेंटेनन्स असं सगळं देऊन खातं रिकामं झालेलं असायचं तेव्हा. दर महिन्याला त्या चार-पाच दिवसांत जिवाला घोर. मग मी बँकेकडे बिलिंग सायकल, म्हणजे बिल कधी तयार होणार आणि कधी भरायचं ते चक्र, बदलून मागितली. रिझर्व्ह बँकेने २०२२मध्ये क्रेडिट कार्डांसाठी जे निर्देश काढले, त्यांत ही सोय ग्राहकाला निदान एकदा तरी द्यावीच लागेल असं म्हटलंय. फार थोड्या लोकांना हे ठाऊक असतं.

कार्डाचा विषय निघाला की मंडळी पॉइंट, कॅशबॅक, विमानतळावरचे लाउंज यांवर भरभरून बोलतात. मी मात्र सगळ्यांना आधी तारखांबद्दलच विचारते. सातपूर-अंबडच्या काही छोट्या वर्कशॉपवाल्यांचे हिशेब मी टॅलीत ठेवते, त्यामुळे त्यांची बँक स्टेटमेंटं, कार्डांची बिलं माझ्या टेबलावरून जातात. कार्डात अडकलेला माणूस उधळ्याच असतो असं मला त्यात दिसलेलं नाही. पैसा येण्याची तारीख एक आणि देण्याची दुसरी, मध्ये पंधरा दिवसांची फट, एवढ्यावरून चांगली काटकसरी माणसं व्याजात गेलेली मी पाहिली आहेत.

माझं लहानपण नाशिकरोडला गेलं. वडील नोटांच्या प्रेसमध्ये होते. जेल रोडच्या वाण्याकडे आमची वही असायची. महिनाभर सामान आणायचं, वाणी वहीत मांडायचा आणि पगार झाला की आई वही घेऊन दुकानात जायची. एकेक ओळ बोटाने तपासायची, साखर कधी आणली, तेलाचा भाव काय लावला ते विचारायची, आणि सगळा हिशेब चुकता करूनच घरी यायची. बाकी पुढच्या महिन्यात न्यायची नाही हा तिचा नेम होता, त्यामुळे अडीअडचणीला वाणी कधी नाही म्हणाला नाही. क्रेडिट कार्ड मला त्याच वहीसारखं वाटतं. फरक एवढाच की वाण्याला आपली बाकी राहिलेली आवडायची नाही, बँकेला ती चालते.

आता तारखांचं गणित. कार्डाला दोन तारखा असतात: एक बिल तयार होण्याची, दुसरी ते भरण्याची. आमचं बिल २२ला तयार होतं, भरायला पुढे वीसेक दिवस मिळतात. म्हणजे मी २३ जूनला काही घेतलं तर ते २२ जुलैच्या बिलात येतं आणि पैसे ११ ऑगस्टपर्यंत द्यायचे असतात. जवळजवळ पन्नास दिवस बिनव्याजी. तीच वस्तू २१ जूनला घेतली तर १२ जुलैला पैसे द्यावे लागतात, तीनच आठवडे. गाडीचा विमा, शाळेच्या वर्षभराच्या फीचा मोठा हप्ता, सासूबाईंच्या आरोग्य विम्याचा हप्ता असले दणदणीत खर्च मी शक्य असेल तेव्हा २३ नंतर करते. रोजच्या किराण्यासाठी एवढा विचार करायची गरज नाही.

दुसरी गोष्ट मी सगळ्यांना अगदी आग्रहाने सांगते. आमचं एक वेगळं बचत खातं आहे, त्याला घरात आम्ही कार्डाचं खातं म्हणतो. कार्डावर काही घेतलं की त्याच रात्री जेवणं झाल्यावर तेवढी रक्कम पगाराच्या खात्यातून त्या खात्यात टाकायची. पेट्रोलचे ६०० असोत की औषधांचे १,८४०. कार्डाच्या बिलाचा ऑटो-डेबिट, म्हणजे पैसे आपोआप कापले जाण्याची सोय, त्याच खात्याला जोडलेला आहे. बिल येतं तेव्हा पैसे आधीच बाजूला पडलेले असतात, आणि पगाराच्या खात्यात दिसणारी रक्कम ही खरोखर शिल्लक असते. ज्या दिवशी ती रक्कम तिकडे टाकायला खात्यात पैसे नसतील, त्या दिवशी ती वस्तू आपल्याला परवडत नव्हती, एवढं साधं उत्तर मिळतं. यासाठी ॲप लागत नाही, एक्सेल लागत नाही.

ऑटो-डेबिट लावताना एक गोष्ट नीट बघा. फॉर्मवर दोन पर्याय असतात, पूर्ण रक्कम आणि किमान रक्कम. किमान रकमेवर खूण राहिली तर वर्षभर दर महिन्याला पैसे वेळेवर कापले जातात, कुठलाही दंडाचा मेसेज येत नाही, माणूस निर्धास्त असतो, आणि व्याज चढत राहतं. मी हिशेब ठेवते त्यांच्यापैकी एका टर्नरच्या बाबतीत हेच झालं होतं. बिलावरचा मिनिमम ड्यू म्हणजेच बिल, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. त्याला मी कागदावर जे मांडून दाखवलं ते इथेही मांडते.

समजा बाकी ४०,००० आहे. व्याज महिन्याला साडेतीन टक्के. बहुतेक साध्या कार्डांचा दर साडेतीन ते पावणेचारच्या घरात असतो, म्हणजे वर्षाला ४२ टक्के आणि त्याच्याही वर. एका महिन्याचं व्याज १,४०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, २५२. झाले १,६५२. किमान रक्कम साधारण पाच टक्के धरली तर तुम्ही २,००० भरता. त्यातले १,६५२ व्याजात आणि करात गेले. मुद्दल फिटलं ३४८ रुपये. दोन हजार खिशातून जाऊन बाकी ३९,६५२. तो बराच वेळ त्या ३४८ आकड्याकडे बघत बसला होता.

आणि हा हिशेब मी सोपा करून मांडलाय. प्रत्यक्षात बिल पूर्ण भरलं नाही तर व्याज शेवटच्या तारखेपासून धरत नाहीत, खरेदीच्या दिवसापासून धरतात. शिवाय जोवर जुनी बाकी आहे तोवर नव्या खरेदीला ते पन्नास दिवस मिळतच नाहीत. आज कार्डावर घेतलेल्या दुधाच्या पिशवीला आजपासूनच व्याज सुरू होतं. किमान रक्कमच भरत राहिलात तर फेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं लांबेल असा इशारा बिलावर द्यावा, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलेलं आहे. तो इशारा छापलेला असतोच, फक्त आपण मागचं पान उलटत नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली ३० टक्क्यांवर व्याज आकारणं अनुचित ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ला तो निकाल रद्द केला. त्यामुळे कुठलं तरी सरकारी छत आपल्या डोक्यावर आहे या भरवशावर राहू नये.

मग कार्ड घ्यावंच कशाला, असं माझ्या सासूबाई विचारतात, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. म्हणून फायदा किती हेही मी रुपयांत मोजते. आमचा कार्डावरचा खर्च महिन्याला पंचवीस हजारांच्या आसपास असतो. सरासरी एक टक्का परत मिळतो असं धरलं तर महिन्याला २५०, वर्षाला ३,०००. वार्षिक फी ५०० आणि जीएसटी मिळून ५९० वजा. उरले २,४१०. पंचवीस हजार रुपये महिनाभर बचत खात्यात जास्त राहिले त्याचं व्याज तीन टक्क्यांनी फार तर साठ-बासष्ट रुपये महिना. म्हणजे सगळं मिळून वर्षाला तीन हजारांच्या थोडं वर. घरात आलेले पैसे आहेत, मी ते नाकारत नाही. त्यातून दिवाळीचा फराळाचा किराणा होतो. पण पॉइंटांसाठी म्हणून महिन्याला हजार रुपयांची जरी नको असलेली खरेदी झाली तरी वर्षाचे बारा हजार गेले आणि तीन मिळाले. दुकानातला मुलगा जेव्हा सांगतो की आणखी दोन हजारांचं घ्या म्हणजे पाच पट पॉइंट मिळतील, तेव्हा त्या पाच पटीचे रुपये किती होतात हे त्यालाच विचारा. बहुतेक वेळा त्यालाही ते काढता येत नाहीत.

कार्डाचा खरा मोठा फायदा मला दिसला तो माझ्या धाकट्या दिरांच्या घराच्या वेळी. पाथर्डी फाट्याला त्यांनी फ्लॅट बघितला, टोकन दिलं आणि बँकेत गेले. बँकेने विचारलं, सिबिल? म्हणजे आधीची उधारी कशी फेडली त्याच्या नोंदी आणि त्यावरून निघणारा आकडा. सिबिलवर काहीच नव्हतं. कधी कर्ज नाही, कार्ड नाही, मोटारसायकलसुद्धा रोखीने घेतलेली. मला म्हणाले, "वहिनी, मी आयुष्यात कुणाचा एक रुपया बुडवला नाही, तरी बँक माझ्याकडे संशयाने का बघते?" त्यांच्या बोलण्यात दुखावलेपण होतं आणि ते मला पटतही होतं. पण बँकेत समोर बसलेला अधिकारी आपल्याला ओळखत नसतो. त्याच्यापुढे ३०० ते ९००मधला एक आकडा असतो, आणि साडेसातशेच्या वर असला की त्याचं काम हलकं होतं. ज्याने कधी उधार घेऊन फेडलंच नाही, त्याचा आकडा तयारच होत नाही.

दिरांना तेव्हा साधं कार्डही मिळेना. मग त्यांनी मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड घेतलं. ठेव बँकेकडे तारण राहते, तिच्या प्रमाणात मर्यादा मिळते, आणि ठेवीवर व्याजही चालू राहतं. पहिल्यांदा कार्ड घेणाऱ्याला, घरून शिकवण्या घेणाऱ्या बाईला, भाजीच्या गाड्यावाल्याच्या मुलाला, ज्यांच्याकडे पगाराची स्लिप नाही अशा कुणालाही मी हाच रस्ता सुचवते. दिरांनी त्यावर फक्त मोबाइलचं रिचार्ज, वीजबिल आणि पेट्रोल टाकलं, दर महिन्याला पूर्ण भरलं. वर्ष-दीड वर्षात कर्ज मंजूर झालं. कमी आकडा असलेल्याला अनेक बँका अर्धा-एक टक्का चढा दर लावतात. अर्ध्या टक्क्यात काय मोठं, असं वाटेल. तीस लाखांचं कर्ज वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता २६,०३५ येतो, नऊ टक्क्यांनी २६,९९२. महिन्याला ९५७ रुपयांचा फरक, वीस वर्षांत जवळजवळ दोन लाख तीस हजार. कॅशबॅकचे आयुष्यभराचे पैसे एका बाजूला आणि हे एका बाजूला.

हा आकडा सांभाळायला फार काही करावं लागत नाही. वेळेवर पूर्ण बिल. मर्यादा लाखाची असेल तर बिल तीस हजारांच्या आत ठेवलेलं बरं, कारण मर्यादेला टेकलेला खर्च पैशाची ओढाताण दाखवतो. एकाच महिन्यात चार ठिकाणी कार्डासाठी अर्ज करायचे नाहीत, प्रत्येक चौकशीची नोंद होते. सगळ्यात जुनं कार्ड, फी नसेल तर, चालू ठेवायचं. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही संस्थांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो, २०१७पासून तो नियम आहे. मी दर तिमाहीला एकीचा काढते. अहवालात आपलं नसलेलं कर्ज दिसलं तर तक्रार करायची. तीस दिवसांत तिचा निकाल लावला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई ग्राहकाला द्यावी लागते.

अहवालावरच्या एका शब्दाची मात्र धास्ती बाळगा: सेटल्ड. बाकी थकली की वसुलीवाला फोन करून म्हणतो, साहेब, ८०,०००चे ३५,००० भरा आणि मोकळे व्हा. अंबडच्या एका फॅब्रिकेटरने ते मान्य केलं. सुटलो म्हणून पेढेही वाटले. पुढे मशीनसाठी कर्ज मागायला गेला तर अहवालात ती नोंद उभी. बँकेच्या लेखी त्याचा अर्थ, या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत. शक्य असेल तर मुदत मागा, हप्ते पाडून घ्या, पण पूर्ण फेडा.

कार्डाने आम्हाला खरा हात दिला तो दवाखान्यात. सासूबाई न्हाणीघरात घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. रात्रीची वेळ. विमा होता, कॅशलेसची सोय होती, पण मंजुरी यायला दुसरा दिवस उजाडणार होता आणि काउंटरवर ५०,००० अनामत मागितली. एरवी अशा वेळी गळ्यातलं गहाण पडतं नाही तर नातेवाइकांना मध्यरात्री फोन जातात. आम्ही कार्ड पुढे केलं. मंजुरी आली, अनामत कार्डावर परत आली. आमची कार्डाची मर्यादा आम्ही अशा प्रसंगासाठी मोकळी ठेवतो. रोजच्या वापरात ती कधीच भरू देत नाही. अनामत परत आल्यावर मी बँकेला विचारून घेतलं की ती रक्कम कुठल्या बिलात धरली. परतावा शेवटच्या तारखेआधी आला तर तो चालू देण्यातून वळता करून ग्राहकाला कळवायचा असतो. तरी स्वतः पडताळून घ्यावं, कारण दवाखान्याच्या धावपळीत तारीख निसटते. तसं म्हटलं तर शेवटच्या तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त उशीर झाल्याशिवाय बँकेला लेट फी लावता येत नाही, की थकबाकी म्हणून कळवता येत नाही. पण तो आजारपणासाठी राखलेला अवकाश समजा, त्यावर बेत आखू नका.

विनाव्याज हप्त्यांबद्दल मला बरेच जण विचारतात, विशेषतः दसरा-दिवाळीच्या आधी. ३६,०००चा फ्रिज, सहा हप्ते ६,०००चे. व्याज शून्य. पडद्यामागे असं होतं: बँक हप्त्यांवर व्याज लावतेच, आणि तेवढी सूट दुकान किंवा कंपनी किमतीत आधीच देते. वर्षाला १५ टक्के दर धरला तर सहा महिन्यांचं व्याज सुमारे १,५२४ होतं. ते सुटीतून वळतं होतं, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, २७४ रुपये, तुमच्या माथी येतो. प्रोसेसिंग फी १९९ असेल तर करासह २३५. म्हणजे शून्याचे ५०९ झाले, आणि हप्त्यांच्या खरेदीला पुष्कळ कार्डांवर पॉइंटही मिळत नाहीत. पाचशे रुपये देऊन सहा महिने मिळणार असतील तर कुणाला ते चालेलही, माझा त्याला विरोध नाही. पण आधी दुकानदाराला एकच विचारायचं, "दादा, आत्ता पूर्ण पैसे दिले तर कितीला द्याल?" मेन रोडच्या दुकानात मी हे विचारल्यावर हजार-बाराशे कमी झालेले आहेत. मग विनाव्याज कुठे राहिलं?

एटीएममधून कार्डावर रोख काढणं हा प्रकार मी घरात बंदच ठेवलाय. तिथे पन्नास दिवस वगैरे काही नसतं, पहिल्या दिवसापासून व्याज, वर अडीच टक्के किंवा निदान पाचशे रुपयांच्या आसपास शुल्क. त्यापेक्षा शेजारणीकडून हातउसने घ्यावेत.

२०२२पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं आणि दुकानातला क्यूआर स्कॅन करून उधारीवर पैसे देता येतात. मी जोडलेलं नाही. पंचवटीच्या बाजारात मेथीची जुडी, चहा, फुलांचा हार हे खर्च पाकिटातून गेले की पाकीट हलकं झालेलं हाताला कळतं. बँक खात्यातून गेले तर शिल्लक खाली आलेली दिसते. कार्डाच्या उधारीतून गेले तर काहीच दिसत नाही आणि महिनाअखेरीला चाळीस-पन्नास ओळींचं बिल येतं, ज्यातली एकही ओळ आठवत नाही. रात्री पैसे बाजूला टाकायची माझी पद्धत इतक्या ओळींना पुरत नाही. ज्यांना पुरते त्यांनी जोडावं.

माझ्या कामातून दिसलेली आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. कार्डावर सूट आहे म्हणून मित्राचा फोन, मेहुण्याचा टीव्ही, साहेबांचं विमानाचं तिकीट आपल्या कार्डावर काढून द्यायचं आणि त्यांच्याकडून पैसे घ्यायचे, हे सर्रास चालतं. आर्थिक वर्षात रोखीशिवाय दहा लाख किंवा त्याहून जास्त कार्डबिलं भरली, किंवा रोखीने एक लाख भरले, की बँक ते आयकर खात्याला कळवते. उत्पन्न दाखवलंय सहा लाख आणि कार्डाची बिलं अकरा लाखांची, मग तो माणूस नोटीस घेऊन माझ्याकडे येतो आणि आम्ही दोघं बसून मेहुण्याच्या टीव्हीचा पुरावा शोधतो. शिवाय मेहुण्याने पैसे द्यायला उशीर केला तर व्याज कुणाच्या नावावर? घरातल्यांना दिलेल्या ॲड-ऑन कार्डाचंही तेच, सगळी देणी मूळ कार्डधारकाची.

कार्ड हातात आल्यावर पहिल्याच दिवशी ॲपमध्ये जाऊन परदेशी व्यवहार बंद आहेत ना ते बघा. चालू-बंद करायची सोय सगळ्या कार्डांना असते. पिनशिवाय टॅप करून पाच हजारांपर्यंतचा व्यवहार होतो, तो मी बंद ठेवलाय, कारण कार्ड कधी कधी मुलाच्या हाती जातं. आणि न केलेल्या व्यवहाराचा मेसेज आला तर सकाळपर्यंत थांबू नका. बँकेचा फोन, कार्ड ब्लॉक, मग सायबर फसवणुकीची तक्रार घेणारा १९३० नंबर. तुमची आणि बँकेची दोघांचीही चूक नसताना तिसऱ्याच कुणी व्यवहार केला असेल आणि तुम्ही तीन कामाच्या दिवसांत कळवलं असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकानुसार तुमच्यावर एक रुपयाचाही बोजा येत नाही. ओटीपी आपणच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं.

जे आधीच बाकीत अडकले आहेत त्यांना पॉइंटांचं आणि तारखांचं काही उपयोगाचं नाही, त्यांना वेगळं सांगते. आधी ते कार्ड वापरायचं थांबवा, अगदी पेट्रोललासुद्धा, कारण पहिल्या दिवसापासून व्याज लागतंय. मग बँकेकडे थकलेल्या रकमेचे हप्ते पाडून मागा. व्याजाचा दर पुष्कळ खाली येतो. घरात सोनं असेल तर सोनेतारण कर्ज त्याहून स्वस्त पडतं. आईच्या पाटल्या बँकेत ठेवायला जीव होत नाही हे मला कळतं, पण ४२ टक्क्यांचं कर्ज १० टक्क्यांवर आणायचा तो सगळ्यात जवळचा मार्ग आहे. हे सगळं नवरा-बायकोने एकत्र बसून करायचं, लपवून नाही. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायला मनाई आहे. नातेवाइकांना फोन करून चारचौघांत अपमान करण्याचा अधिकार कुणालाही नाही. बँकेकडे लेखी तक्रार करून तीस दिवस झाले तरी उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तिला पैसे पडत नाहीत.

बाकी फिटल्यावर कार्ड नकोसं वाटलं तर बंद करा. उरलेले पॉइंट आधी वापरून घ्या, मग ईमेलवर लेखी विनंती पाठवा. देणं शिल्लक नसेल तर सात कामाच्या दिवसांत बँकेने ते बंद करायचं असतं, नाही केलं तर पुढच्या प्रत्येक दिवसाला पाचशे रुपये तिने तुम्हाला द्यायचे. ऑफर ऐकवायला तीनदा फोन येतील. विनंतीची तारीख जपून ठेवा, नो ड्यूजचं पत्र मागून घ्या, आणि महिन्या-दीड महिन्याने सिबिलचा अहवाल काढून त्या कार्डासमोर क्लोज्ड असं आलंय का ते बघा.